चारशे सीसी आणि चारशे किलोमीटर

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा त्यात एक सूचना होती. शाळेच्या आठवणी बहुतेक जण लिहितात. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कामातले, अनुभवातले असेही काही लिहावे, की जे आजच्या विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या उपयोगी पडेल. मी गेली सोळा वर्षे चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, दुचाकीचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. मला जे थोडेफार कळते ते मोटारसायकलीतले. म्हणून आपल्या वसतिगृहापासून तासाभराच्या आत असलेल्या कारखान्यात तयार होणाऱ्या, मध्यम ताकदीच्या आणि लांब पल्ल्याच्या एका मोटारसायकलीविषयी लिहीत आहे. स्मरणिकेला हा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. तरीही तो मी का निवडला, हे पुढे येईलच.

वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर झोपणाऱ्यांना रात्री तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या मालमोटारींचा आवाज ऐकू येत असे. इंदुरी, सुदुंबरे, खालुंब्रे, महाळुंगे अशी गावे घेत हा रस्ता चाकणला जातो. याच पट्ट्यात बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ पासून उभा आहे. आपल्या आई-वडिलांच्या पिढीने चेतक स्कूटर आणि एम-८० पाहिली. २००१ साली पल्सर आली ती आमच्या पिढीची गाडी. आणि डिसेंबर २०१६ मध्ये याच कारखान्यातली डोमिनार ४०० बाजारात आली. ती जोडणाऱ्या रांगेवर महिला कामगार असल्याची बातमी त्या वेळी वर्तमानपत्रांत आली होती. आपल्या शाळेतल्या मुलींनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

ज्या प्रकारात ही गाडी मोडते त्याला 'स्पोर्ट टूरिंग' म्हणतात. या दोन शब्दांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. शर्यतीच्या धाटणीच्या गाडीवर माणूस पुढे वाकलेला असतो, हँडल खाली असते, वळणावर ती चटकन झुकते. पण शंभर किलोमीटरनंतर मनगटे आणि कंबर बोलू लागतात. प्रवासी गाडीवर माणूस ताठ बसतो, सामान बांधता येते. पण ती बहुधा अवजड आणि संथ असते. या दोहोंचा मेळ घालणे म्हणजे स्पोर्ट टूरिंग. परदेशात अशा गाड्या हजार सीसी आणि त्याहून मोठ्या असतात, त्यांची किंमतही आपल्या आवाक्याबाहेरची असते. मध्यम वर्गातल्या, म्हणजे साधारण चारशे ते साडेसहाशे सीसीच्या गाड्यांनी हा प्रकार आपल्या रस्त्यांवर आणला. डोमिनार आली तेव्हा एबीएस ब्रेकसह तिची दिल्लीतली शोरूम किंमत दीड लाख रुपये होती.

तिचे इंजिन ३७३ सीसीचे, एकाच सिलिंडरचे आणि पाण्याने थंड होणारे आहे. बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीत २००७ साली भागीदारी घेतली आणि पुढे केटीएमच्या लहान गाड्या चाकणलाच तयार होऊ लागल्या. २०१३ साली भारतात आलेल्या ३९० ड्यूकच्या इंजिनाशी डोमिनारच्या इंजिनाचे जवळचे नाते आहे. मात्र वरचा भाग, म्हणजे सिलिंडर हेड, वेगळा बसवून त्याचा स्वभाव सौम्य केला होता. सुरुवातीला शक्ती होती ३५ अश्वशक्ती. २०१९ साली दोन कॅमशाफ्टचे हेड आले, शक्ती ४० अश्वशक्तीच्या घरात गेली आणि पुढचे शॉकॲब्सॉर्बर उलट्या नळीचे, अधिक ताठ झाले. २०२१ साली उंच काच, हातांपुढची ढाल, इंजिनाखालचे संरक्षक पत्रे, सामानाचे कॅरिअर आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय कारखान्यातूनच बसून येऊ लागली.

शाळेत कधी मुलांशी बोलायला आलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, किती पळते?" पहिल्या डोमिनारसाठी कंपनीने सांगितलेला कमाल वेग होता ताशी १४८ किलोमीटर, आणि शून्यापासून शंभरापर्यंतचा वेळ ८.२३ सेकंद. आकडे खरे असतात, चांगलेही असतात. परंतु तपासणी विभागात इतकी वर्षे काढल्यावर एक शिकलो आहे : आकडा हातात घेण्याआधी तो काय मोजतो, हे विचारावे. कमाल वेग हा असा आकडा आहे की ज्याचा उपयोग आपल्या कोणत्याही रस्त्यावर, कोणत्याही कामासाठी होत नाही. मग गाडीची कामगिरी मोजायची कशाने?

या प्रश्नाचे उत्तर मला एका मित्राच्या मृत्यूने दिले. त्याचे नाव लिहीत नाही. आमच्या तुकडीतले सर्व जण ओळखतील. तो माझ्याच बाकावर बसायचा. दोघेही परभणी जिल्ह्यातले. आमचे वडील पालक सभेला एकाच एसटीने यायचे, शिवाजीनगरला उतरून लोणावळा लोकल धरायचे. पुढे दोघांनाही चाकणला काम मिळाले. एका वर्षी तेरा एप्रिलला त्याची दुसरी पाळी होती. पाळी रात्री साडेअकराला सुटली. चौदा एप्रिलच्या सकाळच्या वंदनेला गावात हजर राहायचे म्हणून तो मध्यरात्रीच १२५ सीसीच्या गाडीवर निघाला. पाथर्डीच्या पुढे, उजाडण्याच्या थोडे आधी, एका साध्या वळणावर गाडी वळली नाही, सरळ गेली. समोर दुसरे वाहन नव्हते. गाडीत बिघाड नव्हता. पंचनाम्यात लिहिले होते की रस्त्यावर ब्रेक लावल्याची खूण नाही. आदल्या दिवशी दुपारपासून तो उभा राहून काम करत होता. त्या वर्षी गावात मिरवणूक निघाली नाही.

तेव्हापासून गाडीची कामगिरी मी एकाच मापाने मोजतो : चारशे किलोमीटर गेल्यावर चालवणाऱ्यात किती बळ आणि किती सावधपणा उरतो. तळेगावहून चाकण, शिक्रापूर, शिरूर, अहिल्यानगर, करंजी घाट, पाथर्डी, गढी, माजलगाव, पाथरी, मानवत अशी आमची वाट साधारण तेवढीच भरते. मराठवाड्यातल्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांची ती नेहमीची वाट आहे. या मापाने पाहू लागलो की गाडीचे एकेक वैशिष्ट्य वेगळेच दिसू लागते.

प्रथम शक्ती. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाने. ताशी ८० वरून १०० वर गेले की केवळ हवेसाठी जवळजवळ दुप्पट शक्ती लागते. माझ्या ढोबळ हिशेबाने सपाट रस्त्यावर ताशी ९० चा वेग राखायला सुमारे दहा अश्वशक्ती पुरते. १२५ सीसीच्या गाडीत एकूण शक्तीच दहा-अकरा अश्वशक्ती असते. म्हणजे त्या वेगाला ती पूर्ण पिळलेली असते, आवाज आणि थरथर टिपेला पोचलेली असते. चाळीस अश्वशक्तीची गाडी तेच काम पाव ताकदीत करते. उरलेली ताकद पळण्यासाठी आहे असे तरुणांना वाटते. मला ती राखीव शिधा वाटते.

हा शिधा कधी लागतो? गढीच्या पुढे एकेरी रस्त्यावर समोर उसाचा लांब ट्रेलर असतो तेव्हा. त्याला मागे टाकण्यासाठी, पुढची-मागची जागा धरून, त्याच्यापेक्षा सुमारे चाळीस मीटर अधिक जावे लागते. ट्रेलरपेक्षा ताशी १५ किलोमीटरने अधिक वेग असेल तर त्याला साडेनऊ सेकंद लागतात. ३० किलोमीटरने अधिक असेल तर पाच सेकंदही लागत नाहीत. समोरून ताशी ७० ने येणारी जीप पहिल्या हिशेबात सुमारे १८५ मीटर जवळ येते, दुसऱ्यात त्याच्या निम्मी. चुकीच्या बाजूला काढलेले ते जादा पाच सेकंद छातीत साठत जातात. दिवसभरात असे पन्नास प्रसंग आले की संध्याकाळी माणूस का थकतो, हे कळते. मात्र हा हिशेब समोरचा रस्ता स्पष्ट दिसत असेल तेव्हाचाच आहे. वळणावर आणि चढाच्या माथ्यावर कोणतीही अश्वशक्ती उपयोगी पडत नाही.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ताशी १०० च्या वेगाने जाणारा माणूस धोका दिसल्यापासून ब्रेकवर बोट पडेपर्यंतच्या एका सेकंदात २८ मीटर जातो. कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब असते. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच दोन मैदाने संपलेली असतात. आणि ८० च्या तुलनेत १०० च्या वेगाला थांबवायची ऊर्जा दीडपटीहून अधिक असते. डोमिनारची पुढची डिस्क ३२० मिलिमीटर व्यासाची आहे, मागची २३०. डिस्क जितकी मोठी, तितका बोटाच्या त्याच दाबात चाकावर अधिक रोध. एबीएसमध्ये चाकाजवळचा संवेदक चाक अडकू लागल्याचे ओळखतो आणि ब्रेकचा दाब क्षणार्धात सोडून पुन्हा लावतो. चाक फिरत राहते, म्हणून हँडलही ऐकते. १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून कायद्याने एबीएस आवश्यक झाले. जुनी गाडी विकत घेताना पालकांनी रंग आणि आवाज यांच्या आधी ही एक गोष्ट पाहावी. या गाडीत ती दोन्ही चाकांना आहे.

तिसरी गोष्ट स्लिपर क्लचची. करंजी घाटाच्या उतारावर घाईने दोन गिअर खाली टाकले, तर साध्या गाडीचे मागचे चाक इंजिनाच्या ओढीने क्षणभर अडखळते. स्लिपर क्लच त्या क्षणी थोडा निसटू देतो आणि चाक रस्ता सोडत नाही. डाव्या हातालाही तो हलका लागतो. दिवसभरात क्लच किती वेळा दाबला जातो, हे कोणी मोजत नाही. हात मात्र मोजतो.

उरलेल्या गोष्टी शरीराच्या आहेत. सीटची उंची ८०० मिलिमीटर. मध्यम उंचीच्या माणसाचे पाय टेकतात. हँडल वर आहे, पाय किंचित मागे. दोन चाकांमधले अंतर १,४५३ मिलिमीटर, म्हणून सरळ रस्त्यावर गाडी डुलत नाही. टाकी १३ लिटरची. मला लिटरला सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर मिळतात, म्हणजे गावी पोचेपर्यंत एकदाच पेट्रोल. उंच काच छातीवर आदळणारा वारा वर वळवते. वाऱ्याविरुद्ध आठ तास छाती ताठ ठेवणे हेही श्रमच आहेत. ते श्रम ओझे उचलण्यासारखे दिसत नाहीत एवढेच. एलईडी दिव्याचा पांढरा प्रकाश दूरवर पडतो, त्यामुळे पहाटेच्या अंधारात डोळे ताणावे लागत नाहीत.

या प्रकाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. एकाच मोठ्या दट्ट्याच्या इंजिनात थरथर ही निसर्गाचीच देणगी असते. तोलाचे वजन बसवून ती कमी करता येते, नाहीशी करता येत नाही. दोन सिलिंडरची इंजिने अधिक शांत असतात, पण खर्च वाढतो. डोमिनारचे वजन सुरुवातीला १८२ किलो होते, पुढे १८७ झाले. शेजारून ट्रक गेल्यावर हे वजन गाडी स्थिर ठेवते. तेच वजन चाकणच्या तळेगाव चौकात, संध्याकाळच्या कोंडीत, एप्रिलच्या उन्हात पायांवर येते. रोज सहा किलोमीटरवरच्या कामाला जाण्यासाठी ही गाडी नाही. चेनची देखभालही नियमाने करावी लागते. ती घट्ट असली तर बेअरिंग झिजतात, सैल असली तर दात झिजतात. वीणेच्या तारेची कथा आपण सगळे परिपाठात ऐकत आलो आहोत. चेनला तेल घालताना ती मला दर वेळी आठवते.

तीन वर्षांपूर्वी त्या मित्राच्या आईचा फोन आला. मित्राचा धाकटा भाऊही आपल्याच शाळेत शिकला आणि आता चाकणला कामाला आहे. त्याने जुनी २०१९ ची डोमिनार पाहून ठेवली होती. मावशी म्हणाल्या, "थोरला साध्या गाडीवर गेला. धाकटा म्हणतोय, मोठी घेतो. तू यंत्रातलं जाणतोस, बाळा. तू घे म्हणालास तर घेईल, नको म्हणालास तर मी त्याला शपथ घालते."

मी आठवडाभर उत्तर दिले नाही. 'नको' म्हणणे सोपे होते. पण तो गावी जाणारच होता. आणि त्याच्याकडची जुनी गाडी, तिचे गुळगुळीत टायर आणि ढिला पुढचा ब्रेक मी पाहिला होता. 'घे' म्हणणेही सोपे होते. पण मोठ्या गाडीने कोणाचीही झोप भरून निघत नाही. उलट ती थकवा लपवते. कमी थरथरते, म्हणून जागे ठेवणारा त्रासही कमी असतो. युरोपात तरुणाला एकदम मोठी गाडी देत नाहीत. आधी १२५ सीसी, मग ३५ किलोवॅटपर्यंतची, मग त्यापुढची, असे परवान्याचे टप्पे आहेत. डोमिनारचे चाळीस अश्वशक्ती म्हणजे सुमारे २९ किलोवॅट. तिकडे ती मधल्या टप्प्यात बसते. आपल्याकडे अठराव्या वर्षी मिळणारा गिअरच्या दुचाकीचा परवाना १०० सीसीलाही चालतो आणि हजारलाही. तेव्हा मधला टप्पा घरच्यांनीच घालायचा असतो.

धाकट्याला मी म्हणालो, चार रविवार मला दे. औद्योगिक वसाहतीतल्या सुटीच्या दिवशीच्या रिकाम्या रस्त्यावर आम्ही केवळ थांबण्याचा सराव केला : आधी ताशी ४० वरून, मग ६०, मग ८०. एबीएस लागल्यावर पायाखाली जी धडधड जाणवते, तिला घाबरून ब्रेक सोडायचा नाही, हे शरीराला शिकवावे लागते. तिसऱ्या रविवारी कामशेतपर्यंत जुन्या महामार्गाने गेलो. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, तशीच समृद्धी महामार्गावरही. चौथ्या रविवारी चेन, टायरची हवा, ब्रेकचे पॅड त्याच्याकडून तपासून घेतले. मग मावशींना फोन केला. म्हणालो, "घेऊ द्या. पण एक अट तुमच्या तोंडून त्याला सांगा. दुसरी किंवा तिसरी पाळी करून त्याच दिवशी निघायचे नाही. झोपायचे, आणि पहाटे पाचला निघायचे. शंभर किलोमीटरला एक थांबा, पाणी आणि पंधरा मिनिटे."

तो थोडा हिरमुसला. तेव्हा त्याला मी एका मोहिमेचा हिशेब सांगितला. तीन भारतीय चालकांनी याच डोमिनारवर आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंत ९९ दिवसांत ५१,००० किलोमीटरहून अधिक प्रवास केला. भागाकार केला तर दिवसाला सरासरी पाचशे पंधरा किलोमीटर येतात. पृथ्वीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्यांचाही दिवसाचा हिशेब एवढाच. मग परभणीला जाणाऱ्याने एका रात्रीत काय सिद्ध करायचे? तो हसला. भागाकार त्याला पटला असावा.

पुढच्या एप्रिलमध्ये त्याने तेरा तारखेची रजा टाकली. सकाळी पाचला निघून दुपारी अडीचला गावात पोचला. शिरूर, करंजी, गढी आणि पाथरी असे चार थांबे घेतले. मावशींनी संध्याकाळी मला फोन केला. गाडीविषयी त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आला, हातपाय धुतले, जेवला. आणि लगेच मंडप बांधायला गेला. पूर्वी आला की दुसऱ्या दिवसापर्यंत झोपून असायचा." चारशे सीसीच्या त्या गाडीची याहून चांगली चाचणी मला कोणत्याही मासिकात वाचायला मिळालेली नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण उद्या याच पट्ट्यात काम कराल. काही जण अशा गाड्या तयार कराल, काही जण त्यांचे आराखडे काढाल. आकडे वाचायला शिका, आणि प्रत्येक आकड्याला विचारा की तू माणसाच्या कोणत्या कामाचा. पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी मोठी गाडी मागते तेव्हा नुसते 'हो' किंवा 'नको' म्हणू नका. ब्रेक कसे आहेत, सराव किती झाला आणि आदल्या रात्री झोप किती झाली, हे विचारा. आणि ज्यांच्याकडे १०० किंवा १२५ सीसीची गाडी आहे, बहुतेकांकडे तीच असते, त्यांनी टायर, ब्रेक आणि झोप या तीन गोष्टी सांभाळल्या तर लांबच्या प्रवासाची निम्मी कमाई त्याच गाडीवर हाती येते.

येत्या तेरा एप्रिललाही दुसरी पाळी सुटल्यावर तळेगाव-चाकण रस्त्यावर मराठवाड्याकडे निघालेल्या दुचाकींची रांग दिसेल. त्यात आपल्या शाळेतले कोणी ना कोणी असतेच. त्यांना एवढेच सांगायचे आहे : गावातली मिरवणूक संध्याकाळी निघते. दुपारी पोचले तरी चालते.